पिंगुळीचे परशुराम गंगावणे

होळकरांच्या आश्रयाने माळव्यात आलेल्या आमच्या घराण्यांना राजाश्रयाचे मोल सांगावयास नको. तिकडे कोकणात सावंतवाडीकरांच्या आश्रयावर ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ आणि चित्रे दाखवीत गायिली जाणारी चित्रकथी जगली. १९४८ साली दोन्ही संस्थाने विलीन झाली. इंदूरच्या आम्हां मंडळींस शिक्षणाचा व नोकऱ्यांचा आधार होता. कुडाळजवळच्या पिंगुळीत बाहुल्या आणि चित्रांच्या पोथ्या तेवढ्या उरल्या. परशुराम गंगावणे यांनी त्या जपल्या, मुलांना खेळ शिकविला आणि घरच्या गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आम्हांस मात्र त्या गोठ्याचेच अप्रूप अधिक, कारण दिल्लीने दखल घेण्यापूर्वीच बाहुल्यांना तेथे छप्पर मिळाले होते.