दिनविशेष : ७ सप्टेंबर
पंडित नेहरूंच्या आग्रहास मान देऊन, स्वातंत्र्यचळवळीशी निकटचा संबंध असलेले उद्योजक रघुनंदन सरन यांनी ७ सप्टेंबर १९४८ रोजी मद्रासेस ‘अशोक मोटर्स’ स्थापन केली व तिला आपल्या पुत्राचे नाव दिले. ऑस्टिन मोटारींचे विलायती सुटे भाग जोडणे एवढाच तिचा आरंभीचा व्याप. पुढे लेलँडशी करारमदार होऊन १९५५ साली ‘अशोक लेलँड’ हे नामाभिधान रूढ झाले.

धान, तलाव आणि पितळी भांडी यांसाठी ख्यात असलेल्या भंडारा जिल्ह्यात, मौजे गडेगाव येथे, महामार्गालगत याच कंपनीचा कारखाना आहे आणि तेथे प्रामुख्याने गिअरबॉक्स तयार होतात. दातेरी चक्रांची गती आधी परस्परांशी जुळवून मगच त्यांची सांगड घालणारी ‘सिंक्रोमेश’ पेटी, ज्याला पूर्वी गिअर पालटताना क्लच दोनदा दाबावा लागे, त्या चालकाचे श्रम हलके करते. तिचा महिमा जाहिरातीत क्वचितच गायिला जातो, हा आमच्या मते अन्यायच; खरीददार विचारतो ते इंजिन व भारवहनाची क्षमता, चालक हौसेने रंगवून घेतो ती केबिन, आणि दसऱ्यास झेंडूची माळ चढते तीही दर्शनी जाळीवरच.