जुन्या डिझेल ट्रकला ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्स बसवताना काय बदलतं?

अमेरिकेत 1989 साली डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं 5.9 लिटरचं डिझेल इंजिन आलं. इंजिन दणकट, पण सोबतचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तीनच गिअरचा. त्यामुळे हायवेवर इंजिन सतत चढ्या आवाजात फिरतं. त्यावर उपाय म्हणून हौशी मालक 1994-95 च्या ट्रकमधला 47आरएच हा चार गिअरचा गिअरबॉक्स बसवतात. त्याच्या ओव्हरड्राइव्हचं गुणोत्तर 0.69, म्हणजे चौथ्या गिअरला इंजिनाचे फेरे तिसऱ्यापेक्षा 31 टक्के कमी.

1996 पासूनचा 47आरई दिसायला जवळपास तसाच, पण त्याला कॉम्प्युटर लागतो. जुन्या ट्रकात तो कुठून आणणार? 47आरएच तेलाच्या दाबावर गिअर बदलतो. ओव्हरड्राइव्ह आणि लॉकअपला साधा स्विच पुरतो. मात्र थ्रॉटलशी जोडलेली केबल नीट जुळवायलाच हवी. ती सैल राहिली की दाब कमी पडतो, क्लच प्लेट घसरून जळतात आणि सगळा खर्च पुन्हा करावा लागतो.

नवा गिअरबॉक्स लांब असल्याने प्रोपेलर शाफ्ट कापून घ्यावा लागतो. मागच्या डिफरन्शियलचं 3.07 गुणोत्तर ओव्हरड्राइव्हमध्ये 2.12 होतं. रिकाम्या गाडीला ते चालतं. जड ट्रेलर ओढताना चढाला ओव्हरड्राइव्ह बंदच ठेवावा.