दुष्काळ पोटातला

१९७२ च्या दुष्काळात आई लातूरजवळ खडी फोडायची. पोटात धाकटा भाऊ होता. घरी तांबड्या मिलोची भाकरी. कामावरची सुकडी आई आम्हालाच वाटून टाकायची. तो भाऊ आता नांदेडला असतो. हातपाय काटकुळे, पोट सुटलेलं, मधुमेहाच्या गोळ्या चालू. ‘खातो फार’ म्हणून आम्ही त्याला हिणवायचो.

मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचलं. १९९३ पासून त्यांनी सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांत मांस फार कमी, चरबी मात्र त्या मानानं टिकून! गर्भातच तुटवडा जाणवला की चयापचय साठवणीचं वळण घेतं, असं अनेक शास्त्रज्ञ मानतात. पुढं सुबत्तेत तेच नडतं.

भावाचं तसंच झालं, असं मी म्हणणार नाही. पण हिणवणं सोडलं. आईला मात्र यातलं काही सांगितलेलं नाही.