धूळपाटी आणि काचेची पाटी

महाविद्यालयांतील विद्यार्थी काचेच्या टॅब्लेटवर लेखणीने टिपणे काढताना पाहिले की आम्हांस पंतोजींच्या शाळेतील धूळपाटीचे स्मरण होते. पाटीवर धूळ पसरावी, काडीने अक्षर गिरवावे आणि हात फिरवून मोडावे, असा तिचा क्रम. नवी पाटीही क्षणात कोरी होते. फक्त आधीचे अक्षर ती पोटात जपून ठेवते.

तिचे कूळ मात्र अमेरिकेतले, आणि ते एका दाव्यापाशी जाऊन पोहोचते. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी टेलिफोनच्या शोधासंबंधी बेल यांचा अर्ज व एलिशा ग्रे यांचे कॅव्हेट एकाच दिवशी पेटंट कचेरीत दाखल झाले. कॅव्हेट हा शब्द आमच्या व्यवसायबंधूंस नवा नाही! पेटंट बेल यांस मिळाले, आणि १८८८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. त्याच वर्षी ग्रे यांनी 'टेलऑटोग्राफ'चे पेटंट मिळविले. एका टोकास लेखणी चालवावी, तिची हालचाल तारेतून जावी आणि दूरच्या टोकास दुसऱ्या लेखणीने तेच अक्षर उमटवावे, अशी त्याची योजना. वाणीचा दावा हरलेल्या पुरुषाने हस्ताक्षर तारेवर चढवावे, हा योग आम्हांस विलक्षण वाटतो.

१९६४ मध्ये रँड संस्थेने संगणकास जोडलेली पाटी सिद्ध केली. तिच्या पृष्ठाखाली दर इंचास शंभर रेषांचे जाळे होते. लेखणी कोठे टेकली ते त्यावरून संगणकास कळे. १९९३ च्या 'न्यूटन'चे अक्षरवाचन थट्टेचा विषय झाले. २०१५ साली 'ॲपल पेन्सिल' आली तोवर विद्यार्थ्याचे अक्षर जसेच्या तसे ठेवण्याची सोय रूढ झाली होती. आमच्या जोडाक्षरांस तीच मानवते. कळफलक शोधीत बसण्याचे कारण उरत नाही.

२०१४ साली म्यूलर व ओपनहायमर यांनी दाखविले की, संगणकावर टंकणारे विद्यार्थी व्याख्यान शब्दशः उतरवितात, तर कागदावर हाताने लिहिणारे निवडून लिहितात आणि आशयाच्या प्रश्नांत सरस ठरतात. पुढील पडताळण्यांत हा निष्कर्ष तितका ठाम राहिला नाही, हेही सांगितले पाहिजे.

आमची शंका निराळी आहे. देवस्थानांच्या जुन्या मोडी कागदांवर बोरूने केलेली खाडाखोड आजही दिसते आणि उलटतपासणीत उपयोगी पडते. काचेवर पुसलेले अक्षर वाचकास मागमूस ठेवीत नाही. मोडी कागदास जाणकार वाचक मिळाला की पुरते. पाटीवरील टिपणास तो विशिष्ट प्रोग्रॅमही जिवंत लागतो. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने इच्छापत्रास आपल्या कक्षेबाहेर ठेवले आहे. तेवढा दस्त आमचे अशील अजून शाईनेच लिहून आणतात.