घरच्या घरी काडतुसं? अमेरिकेतलं ‘रीलोडिंग’ नेमकं काय असतं?

पिस्तूल झाडलं की गोळी जाते, दारू जळते. पितळी पुंगळी मात्र शाबूत उरते. काडतुसातला सहसा सर्वात महाग भाग तोच. म्हणून अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज पुंगळ्या वेचून घरी पुन्हा भरतात. हाताने चालणाऱ्या प्रेसवर पुंगळी मूळ मापात आणायची, मग नवा प्रायमर, मोजलेली दारू, वर नवी गोळी. सोपं वाटतं ना?

खरा धोका दारूच्या मापात आहे. पिस्तुलाच्या पुंगळीत बऱ्याचदा दुप्पट दारूही मावते आणि पिस्तूल हातातच फुटू शकतं. दारू घालायची राहिली, तर प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते. त्यावर दुसरी झाडली की नळी फुटण्याची भीती. नवख्यांना एका वेळी एकच पुंगळी घेणारा प्रेस सुचवतात, तो याचसाठी.

आणि भारतात? शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.