ईश्वराविना शील : देसिदेरींची साक्ष

ख्रिस्तधर्माच्या प्रसारार्थ निघालेले इटालियन जेसुइट धर्मोपदेशक इप्पोलितो देसिदेरी गोवा, दिल्ली, लडाखमार्गे १७१६ साली ल्हासास पोहोचले. बौद्ध मताचे खंडन करावयाचे तर ते आधी जाणले पाहिजे, म्हणून सेरा विहारात राहून त्यांनी तिबेटी ग्रंथ अभ्यासले. पुनर्जन्म व शून्यता यांविरुद्ध तिबेटीतच ग्रंथ लिहिले. परंतु एक पेच त्यांच्यापुढे उभा राहिला : जगाचा निर्माता न मानणारे हे लोक करुणा व सदाचार कसे आचरतात? देसिदेरींनी आपली श्रद्धा सोडली नाही. पण जे पाहिले ते प्रांजळपणे नोंदविले. आम्हांस ही प्रांजळता मोलाची वाटते. धम्मात ईश्वराचे स्थान नीतीला आहे, असे बाबासाहेबांनी प्रतिपादिले. त्याची साक्ष दोन शतकांपूर्वीच एका प्रतिपक्षीयाने देऊन ठेवली होती.