पन्नासचा काटा

वीजजाळ्याची एक गंमत मला फार आवडते. मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या खाली घसरते, आणि ती घरातल्या प्लगमध्येही मोजता येते! म्हणजे निरोप सगळ्यांना एकदमच पोचतो.

आपल्याकडे मात्र तो कुणी मनावर घेत नव्हतं. संध्याकाळी काटा कित्येकदा ४९ च्याही खाली, रात्री ५० च्या बराच वर. मग भानू भूषण यांच्या कल्पनेतली दरपद्धत १ जुलै २००२ ला सर्वात आधी आपल्या पश्चिम विभागात आली. फ्रिक्वेन्सी जितकी कमी, तितकी ठरल्यापेक्षा जास्त ओढलेली वीज महाग. वरून हुकूम नाही. प्रत्येक राज्याने काटा बघून आपापला हिशेब करायचा. आणि काटा खरंच सावरला.

पण ३० जुलै २०१२ च्या रात्री अडीचच्या सुमारास बीना-ग्वाल्हेर लाइनला भार सोसेना, ती ट्रिप झाली आणि उत्तर विभाग अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पूर्व आणि ईशान्यही गेले. फ्रिक्वेन्सी सगळीकडे सारखीच, त्यामुळे नेमकी कुठली तार ताणली गेलीय हे ती सांगत नाही.

ज्याने त्याने आपलं नीट बघितलं की सगळ्यांचं बरंच भागतं, हे मला पटतं. तरी मधल्या तारेवर नजर ठेवणारं कुणीतरी लागतंच, नाही का?